ठप्पेमामाची लाल शाई

मित्रांनो, वर्गात तुमचे नाव पुकारले की तुम्ही ‘हजर’ म्हणता ना? मोठी माणसे कामाच्या जागी असे ओरडत नाहीत. त्यांच्या हातात एक कार्ड असते, आणि त्यांच्या वतीने ‘हजर’ म्हणायचे काम माझ्यासारखे कोणीतरी करते. मी एक जुने हजेरीचे घड्याळ आहे. बटणांच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षे भिंतीवर काढली. माझे खरे नाव पितळी पट्टीवर कोरलेले होते, ते पुसपुसून केव्हाच गेले. कारखान्यात सगळे मला ठप्पेमामा म्हणत. घड्याळ असूनही मी ‘होतो’, ‘गेलो’ असे बोलतो ते त्यामुळेच. एकदा मामा झाल्यावर दुसरे काय करणार?

मला एका म्हाताऱ्या घड्याळजीने बनवले. त्याने माझी लाकडी पेटी घासून गुळगुळीत केली, पोटात चाके बसवली, तोंडाखाली कार्डासाठी एक फट ठेवली आणि बाजूला एक दांडा लावला. फटीत कार्ड सारायचे, दांडा खाली ओढायचा, की ‘ठप्प!’ त्या क्षणाची वेळ कार्डावर उमटायची. शेवटी त्याने माझ्या पोटात शाईची फीत घातली. ती अर्धी काळी होती आणि अर्धी लाल. तो माझ्या पेटीला कान लावून म्हणाला, “बाळा, दोनच गोष्टी ध्यानात ठेव. ठरल्या वेळेला काळा, बाकी सगळ्याला लाल.”

मी ते ध्यानात ठेवले. त्यापलीकडे मला कोणी काही शिकवले नाही, आणि माझ्या हातून जे झाले ते त्यातूनच झाले.

आमचा कारखाना म्हणजे एक लांबलचक दालन होते. एका टोकाला यंत्रे बटणांना भोके पाडत. मधे लाकडी पिंपे दिवसभर गरगरत, त्यात बटणे घासून चकचकीत होत. दुसऱ्या टोकाला पांढऱ्या टेबलाभोवती निवडणाऱ्या बायका बसत. प्रत्येकीच्या डोक्यावर एक दिवा, पुढ्यात बटणांचा ढीग. तडा गेलेले, रंग उडालेले, भोक न पडलेले बटण बाजूला काढायचे. भोक नसलेल्या बटणाला त्या ‘मुके’ म्हणत. दिवसाकाठी हजारो बटणे त्यांच्या बोटांखालून जात. टेबलावरची थोरली बाई नवीन मुलीला पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवायची. “बटण टाकून द्यायच्या आधी पालथं करून बघायचं. एका बाजूनं बघून कुणाला टाकायचं नाही.”

मी दरवाज्यालगतच्या भिंतीवर टांगलेला असे. सकाळी आठला सगळे माझ्यापुढे रांग लावत आणि पाचला पुन्हा येत. “मामा, आज एक मिनिट सोडा की!” “मामा, काल लाल दिलात, आज तरी माया करा!” मी कोणावर माया केली नाही. दर शनिवारी कारकून मऊ फडक्याने माझी काच पुसायचे. कारखान्यात त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. काच पुसता पुसता ते मालकांना सांगायचे, “मालक, आपल्याकडे खरं बोलणारा एकच आहे, आणि तो भिंतीवर टांगलाय.” हे ऐकले की माझी चाके फुलून यायची. मित्रांनो, कौतुक कोणाला आवडत नाही?

मग एके दिवशी धाकटी आली.

तिचे नाव कार्डावर होते, पण निवडणाऱ्यांच्या टेबलावर ती वयाने सगळ्यात लहान, म्हणून धाकटी. कडेवर अडीच महिन्यांची मुलगी. मुलीचे डोळे एवढे मोठे आणि ती इतकी गप्प बसून बघायची, की बायकांनी तिला लगेच ठकी करून टाकले, लाकडी बाहुलीसारखी म्हणून. कारखान्याच्या आवारात, दरवाज्याच्या बाहेर वीस पावलांवर, पाळणाघराची खोली होती. धाकटीने ठकीला तिथे ठेवले, तीनदा मागे वळून पाहिले आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली. नवीन माणसाला वर्षभर तात्पुरते ठेवायचे, आणि वर्ष नीट गेले की कायम करायचे, अशी तिथली पद्धत होती. धाकटीच्या घरी ती आणि ठकी, दोघीच होत्या. हे वर्ष तिला नीट काढायचेच होते.

दरवाज्यावरच्या वॉचमनकाकांनी तिला कार्ड कसे सारायचे ते दाखवले. म्हणाले, “हे बघ पोरी, एक नियम. या दरवाज्याबाहेर पाऊल टाकायचं तर आधी मामाला सांगायचं. जाताना एकदा, आल्यावर एकदा.”

काकांच्या मनात एवढेच होते की मधल्या वेळी कोणी घरी गेले तर ठप्पा मारावा. पण धाकटी शब्दाची पक्की होती. अकरा वाजता पाळणाघरातून निरोप आला, ठकी भुकेली आहे. धाकटी हात पुसत धावत आली, माझ्यापुढे थांबली, कार्ड सारले. ठप्प! ती बाहेर गेली, लेकीला पाजले, परत आली. ठप्प! दुपारी साडेतीनला पुन्हा तेच.

अकरा आणि साडेतीन या काही ठरल्या वेळा नव्हत्या. घड्याळजीने शिकवले होते तसे मी केले. चारही ठप्पे लाल उमटले.

आता पुढचे ऐकून तुम्हाला हसू येईल. मलाही तेव्हा मजा वाटली होती. कार्डावरची लाल शाई पाहून धाकटी घाबरली नाही, उलट खुश झाली. तिची समजूत अशी झाली, की हे यंत्र फार हुशार आहे, बाळाच्या आईला ते ओळखते आणि तिच्यासाठी वेगळी शाई वापरते! एकदा ती ठकीला कडेवर घेऊन आली आणि कार्ड तिच्या डोळ्यांपुढे धरून म्हणाली, “बघ गं ठके, हे काळं माझं. आणि हे लाल लाल, ते सगळं तुझं!” ठकीने कार्डाचा कोपरा तोंडात घातला. महिनाभर ते कार्ड माझ्या फटीत जाताना जरा अडायचे.

असे अकरा महिने गेले. टेबल दालनाच्या त्या टोकाला, मी या टोकाला, त्यामुळे बायकांना काही कळले नाही. वॉचमनकाकांना रोज दिसत होते, पण त्यांना वाटले, हिला कोणीतरी तसे सांगितले असेल. ते कोणीतरी आपणच, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. ठकीला दात आले. ती आधी रांगू लागली आणि मग भिंत धरून उभी राहू लागली. धाकटीची बोटे एवढी तयार झाली की मुके बटण ती न बघता नुसत्या स्पर्शाने ओळखायची. थोरली म्हणायची, “हिला कायम केलं नाही तर मी माझी खुर्ची सोडेन. नाहीतरी ती डुगडुगतेच.”

अकराव्या महिन्याच्या शेवटी भाऊसाहेबांनी धाकटीची सगळी कार्डे एकावर एक रचली. कार्डे कसली, लाल शाईने भिजल्यासारखी दिसत होती. भाऊसाहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांच्या दृष्टीने लाल म्हणजे लाल. त्यांनी पत्र लिहिले आणि मालकांनी न वाचताच सही केली. पत्रात होते: ‘आपण कामाच्या वेळेत वारंवार काम सोडून बाहेर जात असल्याचे हजेरीच्या नोंदींवरून दिसते. सबब आपणास कायम करता येत नाही. वर्ष संपताच आपले काम थांबवण्यात येईल.’

धाकटी पत्र घेऊन माझ्यापाशी आली. बाकीचे जेवायला गेले होते. तिने माझ्या काचेवर तळहात टेकला आणि हळूच म्हणाली, “मामा, मी कुठं हो गेले काम सोडून?”

मित्रांनो, माझे काटे पुढे सरकत होते, पण मला वाटले ते तिथेच थांबावेत. मी खोटे बोललो नव्हतो. तरीही माझ्या बोलण्याने एका प्रामाणिक बाईवर बालंट आले होते. ती का बाहेर जाते ते मला ठाऊक होते. पण माझ्या फितीत ‘का’ उमटवायला शाईच नव्हती.

थोरलीने पत्र वाचले, मग कार्ड मागून घेतले आणि कपाळाला हात लावला.

“अगं, पाजायला जाताना तू ठप्पा मारायचीस?”

“हो ताई. काकांनी सांगितलं होतं.”

“रोज?”

“रोज दोनदा. म्हणजे जाताना-येताना धरून चारदा.”

“आणि हे लाल बघून तुला काहीच वाटलं नाही?”

धाकटी खाली मान घालून पुटपुटली, “मला वाटलं, ती आईची शाई असते.”

टेबलावर हसू फुटले. पिंपांवर काम करणारी एक बाई डोळे पुसत म्हणाली, “आम्ही तर मेल्या सरळ उठून जातो. पाजलं की येतो. ठप्पा कोण मारतंय?”

“म्हणून तर तुमची कार्डं काळीभोर आहेत,” थोरली म्हणाली, “आणि जी खरं वागली तिचं लाल.”

ती धाकटीला घेऊन भाऊसाहेबांकडे गेली. भाऊसाहेबांनी कानांवर हात ठेवले. “मी काय करू बाई? यंत्र खोटं बोलत नाही.” त्या दिवशी ते कौतुक मला टोचले. मालक बाहेरगावी होते. थोरली कोणाचे ऐकणाऱ्यांतली नव्हती. दुसऱ्या दिवशी दोघींनी अर्ज लिहिला आणि कामगार कचेरीत देऊन आल्या. कामगार आणि मालक यांच्यातली भांडणे कायद्याप्रमाणे मिटवायची, हे त्या कचेरीचे काम.

आठ दिवसांनी सकाळी कामगार अधिकारी आल्या. मी समजत होतो, कोणी करड्या आवाजाचा जमादार येईल. आल्या त्या ठेंगण्याशा, पायात साध्या चपला, हातात फुगलेली पिशवी. त्यांनी दरवाज्यापाशी माझ्यासमोरच एक टेबल मांडायला सांगितले. एका बाजूला मालक आणि भाऊसाहेब, दुसऱ्या बाजूला धाकटी. ठकी तिच्या मांडीवर बसून अधिकारीबाईंची पिशवी उघडायच्या खटपटीत होती.

मालक म्हणाले, “बाई, माझंही ऐका. शंभर माणसांचं काम आहे. ज्याला वाटेल तो वाटेल तेव्हा बाहेर गेला तर माल वेळेवर कसा जाणार? नियम हवा की नको?”

“हवा तर,” अधिकारीबाई म्हणाल्या. त्यांनी कार्डे एकेक करून पाहिली. “बाहेर गेली अकरा दोनला. आत आली अकरा सतराला. बाहेर तीन एकतीसला, आत तीन चव्वेचाळीसला.” त्यांनी चष्मा वर केला. “पंधरा मिनिटांच्या वर एकदाही नाही. मालक, एवढ्या वेळात तुमचा एक चहा तरी होतो का?”

भाऊसाहेब म्हणाले, “पण गेली ना? दुसरं कोणी जात नाही. बाकी सगळ्यांची कार्डं बघा.”

तेव्हा थोरली निवडणाऱ्यांच्या टेबलावरून उठून आली. माझ्या अगदी जवळ उभी राहिली, म्हणून मला तिची धडधड ऐकू येत होती. तिच्या नोकरीची शेवटची चार वर्षे उरली होती. काळ्या कार्डांचा तिचा गठ्ठा कारखान्यात सगळ्यात जाड होता.

“मी जात होते,” ती म्हणाली. “माझ्या दोन्ही पोरांच्या वेळी. ठप्पा एकदाही मारला नाही. माझी कार्डं काळी आहेत, पण ती या गोष्टीत खोटी आहेत. काढायचं तर मलाही काढा.”

मग पिंपांवरची बाई तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या मागून आणखी एक आली.

मालकांचा चेहरा उतरला. “म्हणजे तुम्ही सगळ्या मला फसवत होतात?”

“फसवत नव्हतो हो, पाजत होतो!” थोरली म्हणाली. “आणि भाऊसाहेब, तुम्हाला एक विचारू? आम्ही एक बटण टाकायचं म्हटलं तरी पालथं करून बघतो. ही बाई टाकायच्या आधी तुम्ही एकदा तरी तिला विचारलंत का, बाई गं, तू जातेस कुठं?”

भाऊसाहेब समोरची कार्डे सारखी करू लागले. अधिकारीबाई मात्र किंचित हसल्या. त्यांनी विचारले, “मालक, कामगारांच्या नियमांचा कागद कुठे लावलाय? सगळ्यांना वाचता येईल असा लावावा लागतो.”

“लावलाय ना. दरवाज्यापाशीच आहे.”

सगळे दरवाज्यापाशी पाहू लागले. तिथे दिवा होता, छत्र्यांची खुंटी होती आणि मी होतो. कागद कुठे दिसेना. वॉचमनकाका डोके खाजवत पुढे आले. “मालक… तो मामाच्या मागं आहे.”

“मागं?”

“पलीकडच्या भिंतीला ओल आली तेव्हा मामाला इकडं आणलं. भिंतीत खिळे जाईनात. नियमांच्या फळीत बरे गेले. मग फळीवरच टांगलं.”

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटले ते कसे सांगू? काकांनी आणि भाऊसाहेबांनी मला दोन्ही बाजूंनी धरून खाली उतरवले. नऊ वर्षे मी ज्यावर पाठ टेकून उभा होतो, तो कागद उजेडात आला. कडा पिवळ्या, मधोमध माझ्या पेटीचा चौकोनी डाग. माझे तोंड लोकांकडे होते. पाठीशी काय लिहिले आहे ते मला कधी दिसलेच नव्हते.

अधिकारीबाईंनी मालकांनाच वाचायला सांगितले. मालकांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून मोठ्याने वाचले. मूल सव्वा वर्षाचे होईपर्यंत आईला दिवसातून दोनदा पाजायला जाता येईल. तो वेळ कामाचाच धरला जाईल. त्यामुळे तिच्या नोकरीत खंड पडणार नाही, आणि त्या कारणावरून तिला कमी करता येणार नाही.

“म्हणजे ती पाळणाघरात असते तेव्हाही…” मालक अडखळले.

“तेव्हाही कामावरच असते,” अधिकारीबाई म्हणाल्या. “दरवाजा ओलांडला तरीही.”

“मला हे कुणी सांगितलंच नाही हो.”

“कायदा घरोघर जाऊन सांगत नाही, मालक. म्हणून तर तो भिंतीवर लावायचा असतो. घड्याळामागे नव्हे.”

मालकांनी चष्मा काढला. मग धाकटीकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “माझ्या लेकीला बाळ झालं, तेव्हा तिच्या साहेबानं तिला असंच एक पत्र दिलं होतं. मी घरभर फिरत त्या माणसाला नको नको ते बोललो होतो. आणि इथं सही मीच केली. तीही न वाचता.” त्यांनी ते पत्र मागून घेतले आणि चार तुकडे केले. ठकीला फाडण्याचा आवाज फार आवडला. तिने दोन्ही हात पुढे केले. मालकांनी एक तुकडा तिच्या हातात दिला, आणि तिनेही तो मन लावून फाडला. तेव्हा कुठे धाकटीचा जीव भांड्यात पडला. ती हसायला लागली आणि हसताहसताच रडली.

थोरलीला आणि बाकीच्या बायकांना कोणी काही बोलले नाही. नियमांची फळी धुऊन-पुसून दरवाज्याशेजारी लावली गेली. मला तिच्यापासून हातभर लांब, भिंतीत भोक पाडून, नवा खिळा मिळाला. पंधरा दिवसांनी धाकटीला कायम झाल्याचे पत्र आले. भाऊसाहेबांनी ते स्वतः नेऊन दिले, आणि देताना म्हणाले, “बाई, एकदा वाचून बघा. मी दोनदा वाचलंय.”

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ठकी भुकेली झाली. धाकटी हात पुसत आली आणि सवयीने माझ्यापुढे थांबली. कार्ड तिच्या बोटांत होते. तिने फळीकडे पाहिले, कार्ड परत खणात ठेवले आणि माझ्याकडे न बघता, मान वर करून, सरळ दरवाज्याबाहेर गेली. माझ्या उभ्या आयुष्यात मी लाखो ठप्पे मारले असतील. पण जो ठप्पा त्या दिवशी मारावा लागला नाही, त्याच्याइतका आनंद मला एकानेही दिला नाही.

आता मी म्हातारा झालो आहे. माझ्या जागी अंगठा ओळखणारे यंत्र आले आहे. दोन वर्षे मी अडगळीत रिकाम्या खोक्यांखाली पडून होतो. माझ्या काचेवर धूळ बसली आणि पोटात कोळ्याने घर केले. भंगारात जायची वेळ आली तेव्हा थोरली कामावरून निवृत्त होत होती. तिने मालकांकडे निरोपाची भेट म्हणून मला मागून घेतले आणि घरी न नेता पाळणाघरात आणून टांगले. माझी फीत वाळून गेली आहे, तरी वेळ मी अजून बरोबर दाखवतो. मुले माझ्या फटीत पाने, चिंध्या, कधी कधी बिस्किटे सारतात. बिस्किटे सारू नयेत, एवढी एक विनंती आहे.

आणि दुसरी विनंती ही. मित्रांनो, तुमच्या घरातूनही रोज कोणी ना कोणी कामाला जात असेल. संध्याकाळी ते आले की विचारा, तुमच्या इथे नियमांचा कागद कुठे लावला आहे? तो दिसतो का? तुम्ही वाचला आहे का? उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातले काही कामाला लागतील, काही दुसऱ्यांना कामावर ठेवतील. कोणाच्या कागदावर लाल दिसले तर त्या माणसाला आधी बसायला सांगा, पाणी द्या आणि मग विचारा. यंत्राला फक्त ‘केव्हा’ कळते. ‘का’ हे तुम्हालाच विचारावे लागेल. आणि माझ्यासारख्या यंत्रांनाही जरा जपा. आमच्याकडून चूक होते ती बहुधा आम्हाला कोणी कुठे टांगले यामुळे होते.

असो, फार बोललो. अकरा वाजले आहेत, आणि खिडकीजवळच्या पाळण्यात कोणीतरी कुरकुरायला लागले आहे. जरा पलीकडे जाऊन त्याच्या आईला हाक मारता का?